होमरच्या माणसांना मन नव्हतं का?

प्रश्न असा आला आहे: "इलियडचा अनुवाद वाचतो आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऐकलं, की ब्रुनो स्नेल नावाच्या जर्मन अभ्यासकानं होमरच्या भाषेवरून दाखवून दिलं, की त्या काळच्या ग्रीकांना 'शरीर' आणि 'मन' या कल्पनाच नव्हत्या, आपण स्वतः निर्णय घेतो हेही त्यांना उमगलं नव्हतं. हे खरं मानायचं का? आणि नुसत्या शब्दांवरून असं काही सिद्ध होतं का?"

आधी उत्तर सांगते, मग कारणं. स्नेलनं शब्दांबद्दल जे टिपलं ते बहुतेक बरोबर आहे. त्यावरून त्यानं माणसांबद्दल जो निष्कर्ष काढला तो मला पटत नाही. पण होमर वाचायला बसलं की मला अजूनही आधी स्नेलच आठवतो, आणि तसं का हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. मी संस्कृतकडून ग्रीककडे आले. वीसेक वर्षं होमर वाचते आहे, शिकवते आहे.

स्नेल १८९६ साली हिल्डसहाइमला जन्मला आणि १९३१पासून हॅम्बुर्गला प्राध्यापक होता. त्याचा १९२४ साली छापलेला प्रबंधच मुळी प्लेटोपूर्वीच्या ग्रीकांकडे 'जाणणं' या अर्थाचे कोणते शब्द होते आणि ते कसे वापरले जात, यावर होता. म्हणजे शब्द उचलायचा, तो जिथे जिथे येतो ती प्रत्येक जागा तपासायची आणि मगच अर्थ बोलायचा, ही त्याची पहिल्यापासूनची सवय. १९३५ साली, हिटलरच्या राज्यात, त्यानं एका शास्त्रीय नियतकालिकात गाढवाच्या ओरडण्यावर छोटंसं टिपण लिहिलं. ग्रीक गाढवाला धड उच्चारता येईल असा एकच शब्द आहे, 'ऊ', म्हणजे 'नाही'. जर्मन गाढव मात्र कायम 'ई-आ', म्हणजे 'हो'च म्हणतं, असा त्याचा मुद्दा होता. आदल्याच वर्षी जर्मनीत हिटलरच्या बाजूनं सार्वमत झालं होतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. हे मुद्दाम सांगते, कारण शब्दावर एवढं बारीक लक्ष ठेवणारा हा माणूस कोरडा कोशकार नव्हता. पुढे १९४४ साली त्यानं हॅम्बुर्गला ग्रीक शब्दसंग्रहाचं काम उभं केलं. तिथल्या आरंभीच्या ग्रीक महाकाव्याच्या कोशाचा पहिला भाग १९५५ साली निघाला आणि शेवटचा २०१० साली, स्नेल गेल्यानंतर चोवीस वर्षांनी.

तुमच्या वर्गात ज्याबद्दल बोलणं झालं ते पुस्तक १९४६चं. नावाचा अर्थ 'मनाचा शोध'. शोध म्हणजे आधी नव्हतं ते सापडलं, हाच त्याचा दावा. आता तो होमरच्या ओळींवर घासून पाहू.

इलियड हे ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य. त्याच्या अगदी सुरुवातीला, तिसऱ्या-चौथ्या ओळीत, कवी ग्रीक वीर अकिलीसच्या कोपाबद्दल म्हणतो: त्या कोपानं वीरांच्या कित्येक बळकट 'प्सुखे' हेडीसकडे, म्हणजे मृतांच्या लोकी, धाडल्या, आणि त्यांना स्वतःला कुत्र्यांचं भक्ष्य केलं. 'त्यांना स्वतःला' यासाठी मूळात शब्द आहे 'आउतूस'. संस्कृत शिकलेल्या माणसाला इथे ठेच लागतेच. मी पहिल्यांदा या ओळीचं मराठी केलं तेव्हा 'प्सुखे'ला 'आत्मा' लिहून मोकळी झाले, आणि पुढच्याच शब्दाला अडले. गीतेत जुनी वस्त्रं टाकून जावं तसा जो निघून जातो तो देही, खरा 'तो'. मागे राहतं ते टाकलेलं वस्त्र. होमरमध्ये नेमकं उलटं. जी जाते ती सावली, आणि धुळीत पडून कुत्री ज्याला ओढतात तो माणूस 'स्वतः'. 'आत्मा' हा शब्द त्या ओळीत घातला की सगळं महाकाव्यच वेगळ्या बाजूला कलतं.

मग 'प्सुखे'ला मराठीत काय म्हणावं? मला 'जीव' सगळ्यात जवळचा वाटतो. बाविसाव्या सर्गात अकिलीस आणि ट्रॉयचा वीर हेक्टर त्या शहराच्या तटाभोवती धावतात तेव्हा कवी सांगतो, की ही शर्यत बळीच्या जनावरासाठी किंवा कातड्याच्या बक्षिसासाठी नव्हती, ते हेक्टरच्या प्सुखेसाठी धावत होते. आपण म्हणतो तसं, जीव घेऊन पळत होता. नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, माणसाची प्सुखे एकदा दातांचं कुंपण ओलांडून गेली की लुटून आणता येत नाही, पुन्हा धरता येत नाही. गेलेला जीव परत येत नाही, हेच.

पण इथे स्नेलचं निरीक्षण कामाला येतं. आपला जीव जगतानाही पुष्कळ काही करतो. तो लागतो, रमतो, गुंततो, तुटतो, वरखाली होतो, भांड्यात पडतो. होमरची प्सुखे यातलं काहीच करत नाही. जिवंत माणसात तिचं अस्तित्व एरवी जाणवतही नाही. ती आहे हे कळतं ती जायला निघते तेव्हा, किंवा जायची भीती असते तेव्हा. विचार करणं, रागावणं, हुरहुर लागणं ही कामं दुसऱ्यांकडे आहेत: थूमोस, नोओस (बुद्धी), फ्रेनेस (छातीतली विचाराची जागा), मेनोस, क्रादिए (काळीज). थूमोस आणि मेनोसबद्दल पुढे सांगते. आणि जिवंत शरीराला एक शब्द असा सापडत नाही. पुढच्या ग्रीकमध्ये शरीराला 'सोमा' म्हणतात, पण होमरमध्ये सोमा म्हणजे मेलेलं शरीर. हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कस या होमरच्या अभ्यासकानंच नोंदवलं होतं. एकदोन जागांवर अजून वाद आहे, पण ढोबळमानानं खरं आहे. जिवंत माणसासाठी होमरकडे आहेत 'गुइआ' आणि 'मेलेआ', म्हणजे हातपाय, अवयव. 'ख्रोस', म्हणजे कातडी. 'देमास', म्हणजे बांधा. स्नेल म्हणतो, बघा, यांना शरीर एकसंध दिसतच नव्हतं, अवयवांची जुळणी दिसत होती. त्यानं आधारालाही त्या काळच्या मातीच्या भांड्यांवरची चित्रं घेतली: फुगीर मांड्या, बारीक सांधे, जोडून ठेवल्यासारखी माणसं.

इथे मराठी माणसानं क्षणभर थांबून आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. ताप आला की आपण काय म्हणतो? अंगात ताप आहे. अंग दुखतंय, अंगावर काटा आला, अंग टाकलं. 'माझं शरीर दुखतंय' असं घरात कुणी म्हणत नाही. शरीर हा शब्द पुस्तकात, योगाच्या वर्गात, डॉक्टरांच्या भाषणात. आणि संस्कृतात 'अंग' म्हणजे काय? अवयव. षडंग, वेदांग, अष्टांग. स्नेलचं माप लावलं तर मराठी बोलणाऱ्यांना अजून शरीर सापडलेलं नाही, त्यांच्याकडे अवयवच आहेत. आणखी जवळचं उदाहरण हवं तर हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी नातेवाईक काय विचारतात ते आठवा: "बॉडी कधी मिळेल?" तिथे बॉडी म्हणजे प्रेत, दुसरं काही नाही. एखादा अभ्यासक दोन हजार वर्षांनी फक्त आपल्या बातम्यांचे तुकडे घेऊन बसला, तर तो लिहील, की यांच्या भाषेत बॉडी हा शब्द फक्त मृतांसाठी होता, सबब जिवंत शरीराची यांना कल्पना नव्हती. त्याची नोंद चुकलेली नसेल. निष्कर्ष चुकलेला असेल.

'पाय' हा शब्दही असाच. पाय म्हणजे पाऊलही आणि कंबरेपासून खालचं सगळंही. म्हणून पाऊल आणि मांडी यांतला फरक आपल्याला कळत नाही, असं कुणी म्हणणार नाही.

होमरमध्येच याचा पुरावा आहे. सातव्या सर्गात हेक्टर द्वंद्वाचं आव्हान देतो, तेव्हा हरलो तर काय करायचं ते सांगतो, आणि बाविसाव्यात मरताना अकिलीसपुढे त्याच ओळी पुन्हा म्हणतो: माझं सोमा घरी परत दे, म्हणजे ट्रॉयचे लोक आणि त्यांच्या बायका मेलेल्या मला अग्नी देतील. सोमा, हो, प्रेताच्या अर्थानंच. पण ते 'माझं' आहे, आणि ज्याला अग्नी द्यायचा तो 'मी' आहे. बोलणारा जिवंत आहे, आपलं काय उरणार हे त्याला दिसतंय, आणि त्या उरणाऱ्यालाही तो 'मी' म्हणतोय. हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे त्याला आपण एकसंध आहोत हे कळत नव्हतं, असं मला म्हणवत नाही.

आता थूमोस. हा शब्द माझा फार लाडका. संस्कृत 'धूम', लॅटिन 'फूमुस', दोन्हींचा अर्थ धूर, आणि थूमोस त्यांचा सख्खा भाऊ. ग्रीकांनी हा धूर छातीत नेऊन ठेवला. राग, धाडस, हुरूप, हव्यास, सगळं तिथून उठतं. आपल्याकडेही राग धुमसतोच. सहाव्या सर्गात बेल्लेरोफोन हा वीर देवांच्या अवकृपेनं माणसांची वाट टाळत एकटाच माळावर भटकतो, 'स्वतःचा थूमोस खात'. मराठीत मन माणसाला खातं, होमरमध्ये माणूस थूमोसला खातो. पण एकटेपणात आतून पोखरलं जाणं तेच.

मात्र व्युत्पत्तीवर फार विसंबू नका, हे संस्कृतवाल्यांना विशेष सांगते. 'मेनोस' आणि 'मनस्' हे अक्षराला अक्षर जुळणारे जुळे शब्द आहेत. पण मेनोस म्हणजे मन नव्हे. ती मुसंडी, अंगात संचारणारा जोर. देव वीराच्या छातीत मेनोस फुंकतो आणि तो शत्रूवर तुटून पडतो. एकाच घरातून निघालेला शब्द एका भाषेत विचाराकडे गेला आणि दुसरीत जोराकडे. शब्दाचं कूळ कळलं म्हणून त्याचा आजचा पत्ता कळत नाही.

आणखी एक गोष्ट स्नेलनं जेवढी लक्षात घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. होमरचं काव्य गाऊन रचलेलं आहे. १९२८ साली मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकानं पॅरिसच्या प्रबंधांत दाखवलं, की होमरची विशेषणं आणि ठरीव वाक्खंड छंदाच्या जागा भरतात. पुढे १९३३ ते १९३५ या काळात त्यानं युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून अशी परंपरा जिवंत दाखवली. मग थूमोस, क्रादिए, एतोर (तेही काळीजच) यांतला कोणता शब्द कुठे यावा, हे पुष्कळदा मात्रा ठरवतात. ओवी जमवताना आपण 'मन', 'चित्त', 'अंतर' यांतला जो बसेल तो घेतो, तसं. थॉमस यान यानं १९८७ साली हे शब्द एकेक करून तपासले आणि त्यांतले पुष्कळसे छंदाच्या सोयीनं एकमेकांच्या जागी येतात, असं मांडलं. प्रत्येक शब्दाला आतला वेगळा अवयव मानणं त्यानंतर अवघड झालं.

निर्णयाबद्दल. स्नेल म्हणतो, होमरचा माणूस स्वतः ठरवत नाही, देव येऊन ठरवतो. पहिल्या सर्गात अकिलीस ग्रीकांचा सेनापती अगामेम्नोन याच्यावर तलवार उपसतो आहे, तेवढ्यात देवी अथीना मागून येते आणि त्याचे पिंगट केस धरून खेचते. दिसायला हे स्नेलच्या बाजूचं. पण तिच्या तोंडचे शब्द बघा: मी तुझा राग थांबवायला आले आहे, 'ऐकशील तर'. ही 'तर' महत्त्वाची. देवी आली तरी ठरवणं अकिलीसकडेच आहे, आणि ती यायच्या आधीच त्याचं काळीज दोन बाजूंना विभागून विचार करत होतं, असं कवी सांगतो. आल्बिन लेस्की या अभ्यासकानं १९६१ साली याची नीट मांडणी केली: एकच कृत्य देवाचंही असतं आणि माणसाचंही, एकानं दुसऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. 'विठ्ठलानं करून घेतलं' म्हणणारा वारकरी वारी आपल्याच पायांनी चालतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि जिथे देव नाहीच तिथे काय? अकराव्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियस रणात एकटा पडतो, सोबतचे पळालेले. तो स्वतःशी म्हणतो, अरेरे, माझं आता काय होणार, पळालो तर वाईट, एकटा सापडलो तर त्याहून वाईट. आणि मग: 'पण माझा हा लाडका थूमोस माझ्याशी हे सगळं का बोलत बसलाय? भेकड लढाई सोडून जातात, हे मला ठाऊक आहे.' आणि तो उभा राहतो. हीच ओळ मेनेलाऊसच्या, अगेनोरच्या आणि हेक्टरच्या तोंडीही येते. मेनेलाऊस त्यानंतर मागे हटतो, बाकीचे लढायचं ठरवतात. एकच वाक्य, वेगवेगळे निर्णय. ठरवणं यापेक्षा वेगळं काय असतं?

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञानं १९९३च्या पुस्तकात मर्मावर बोट ठेवलं. स्नेल होमरमध्ये जे नाही म्हणतो, ते शरीरापासून अलग असलेलं, इच्छाशक्तीचं आसन असलेलं एकसंध मन आपल्याकडे तरी खरंच आहे का? ते आहे असं धरून चाललं, म्हणून होमरमध्ये पोकळी दिसली. यात मी एक भर घालते. स्नेलच्या पुस्तकाचं उपशीर्षक 'ग्रीकांपाशी युरोपीय विचाराचा उगम' अशा अर्थाचं आहे. वाटेचा शेवट आधी ठरलेला होता, त्यामुळे होमर ही तिथे पोचण्याआधीची पायरी ठरला. युरोपबाहेरच्या वाचकाला हे लवकर खटकतं.

स्नेलच्या त्याच पुस्तकात ग्रीकच्या निश्चित उपपदावर, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दावर, एक सुंदर प्रकरण आहे. 'अगाथोस' म्हणजे चांगला. त्याच्या नपुंसकलिंगी रूपाला ग्रीक 'तो' हे उपपद लावलं की 'तो अगाथोन', म्हणजे चांगलं असं जे काही ते, 'चांगलं' हीच वस्तू. स्नेल म्हणतो, या इवल्या शब्दामुळे ग्रीकला अमूर्त कल्पना हातात धरता आल्या, आणि शास्त्रीय विचाराला वाट मिळाली. उपपद नसलेल्या लॅटिनमध्ये सिसेरोला त्यासाठी वळसे घालावे लागले. ग्रीकपुरतं हे खरं आहे. पण भाषेला याशिवाय वाटच नसते, असा अर्थ कुणी काढू नये. संस्कृतला असं उपपद नाही, तरी तिनं 'त्व' आणि 'ता' लावून घटत्व, सत्ता, द्रव्यत्व असे शब्द घडवले, आणि नैयायिकांनी त्यावर शतकानुशतकं बारीक वाद घातले. प्रत्येक भाषा आपल्या हाताशी असलेल्या अवजारानं काम करते.

मग स्नेलनं खरं काय दाखवलं? माझ्या मते, होमरनंतर शब्दांचं काम बदललं, आणि ते बदलताना आपल्याला बघता येतं, हे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कवी अनाक्रेओन एका मुलाला म्हणतो, तू माझ्या प्सुखेचे लगाम धरून आहेस आणि तुला त्याचा पत्ताही नाही. इथे प्सुखे मरायची वाट बघत बसलेली नाही. जीव लागला आहे. कवयित्री साफोनं प्रेमाला 'कडूगोड' म्हटलं, एका शब्दात दोन चवी. आणि इ.स.पू. ५००च्या सुमाराला इफेससचा तत्त्वज्ञ हेराक्लायटस लिहितो: सगळ्या वाटा चाललास तरी प्सुखेच्या सीमा तुला सापडणार नाहीत, इतका 'खोल' तिचा लोगोस (अर्थ, तत्त्व) आहे. स्नेलचं लक्ष 'खोल' या शब्दावर गेलं. होमरचा ओडिसियस 'बहु'युक्तीचा, 'बहु'सोशीक आहे, शहाणपण तिथे संख्येनं मोजलं जातं. मनाला खोली देणारे शब्द नंतर येतात. आपण 'मनाचा थांग लागत नाही' म्हणतो तेव्हा पाण्याचं माप मनाला लावतो; ग्रीकमध्ये ते माप कुठून वापरात येतं, ते या माणसानं दाखवलं. याला मी 'मनाचा शोध' म्हणणार नाही. मनाबद्दल बोलायची नवी रीत म्हणेन. तीही लहान गोष्ट नाही.

तेव्हा शब्दांवरून काय सिद्ध होतं, याचं माझं उत्तर: शब्द आहे, तर त्या लोकांनी त्या जागी लक्ष दिलं होतं, हे कळतं. शब्द नाही, यावरून फारसं काही कळत नाही. आपल्या आजीनं आयुष्यात कुणाला 'धन्यवाद' म्हटलं नसेल; पण अडचणीत मदत केलेल्या शेजारणीचं नाव ती मरेपर्यंत विसरली नाही.

मूळ ग्रीक शिकावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. संस्कृत थोडं येत असेल तर जरूर शिका. द्विवचन, आत्मनेपद, भूतकाळाच्या आधी लागणारा 'अ', सगळं ओळखीचं निघेल. 'अभरम्'ला ग्रीक भाऊ आहे 'एफेरोन'. तोवर दोन-तीन वेगवेगळे अनुवाद शेजारी ठेवून वाचा. जिथे एकानं 'हृदय', दुसऱ्यानं 'मन' आणि तिसऱ्यानं 'आत्मा' लिहिलं असेल, तिथे खाली काहीतरी दडलेलं आहे, एवढं धरा.

आणि सुरुवातीला होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या, ओडिसीच्या, विसाव्या सर्गाच्या पहिल्या तीसेक ओळी घ्या. ओडिसियस वीस वर्षांनी घरी आला आहे, पण भिकाऱ्याच्या वेषात, आपल्याच ओसरीवर बैलाच्या कातड्यावर पडला आहे. दासी हसत-खिदळत त्याच्या बायकोला मागणी घालायला येऊन बसलेल्या पुरुषांकडे निघाल्या आहेत. त्याचं काळीज आत भुंकायला लागतं, पिल्लांवर उभी राहिलेली कुत्री परक्या माणसावर गुरकावते तसं. तो छातीवर हात मारून त्याला दटावतो: सोस, काळजा, याहून ओंगळ गोष्ट तू सोसली आहेस, त्या एकडोळ्या राक्षसानं, सायक्लोप्सनं, माझे सोबती खाल्ले तेव्हा. काळीज ऐकतं, गप्प राहतं. आणि पुढच्याच ओळीत तोच जुना शब्द येतो, इलियडच्या चौथ्या ओळीतला, इथे एकवचनात, 'आउतोस': 'पण तो स्वतः' मात्र इकडून तिकडे कुशी बदलत राहिला, जळत्या आगीवर कुणी चरबी आणि रक्तानं भरलेला कोथळा लवकर भाजला जावा म्हणून फिरवत राहावा, तसा.